दोन किलो

हायड्रोजनला रंग नसतो.
वास नाही, चव नाही,
पेटला तरी भर उन्हात ज्योत दिसत नाही,
म्हणून मोतीराम गांगुर्डे टाकीकडे जाताना
केरसुणी पुढे धरून चालतो.
सेन्सर आहेत चार. तरीही.
केरसुणी पेटली, की थांबायचं.

आणि मी आले आहे नाशिक रोडहून
सिन्नरच्या या शेडमध्ये,
या बिनरंगी वायूला
हिरवा म्हणायचं की नाही ते ठरवायला.

फाटकावर फोन काढून घेतला,
पर्स पालथी केली,
ओढणी सुतीच आहे ना, विचारलं.
मला अण्णा आठवले.
छापखान्यात सत्तावीस वर्षं ते नोटा बघत.
छापत नसत. बघत.
शाई फुटली, आकडा सरकला, धागा चुकला,
आणि संध्याकाळी फाटकावर
स्वतःचेच खिसे उलटे करून दाखवत
बिटकोवरून शेवग्याच्या शेंगा घेऊन घरी.
म्हणत, खराब नोट आत सापडली तर ती एकटी रद्दी.
बाहेर गेली, तर उरलेल्या सगळ्या.

चंद्रात्रेसाहेबांनी लॅपटॉप वळवला.
किलोभर वायूमागे कार्बन
एक पूर्णांक एक्क्याण्णव.
मर्यादा दोन.
दिवसा छपरावरचा सूर्य, म्हणाले.
आणि रात्री?
रात्री ग्रिड. थोडी.

एकलहऱ्याच्या चिमण्या इथून दिसत नाहीत,
पण तारांवर बसून येतात.

थोडी म्हणजे अकरा रात्री.
नियम म्हणतो, बारा महिन्यांची सरासरी घ्या.
सरासरी मोठ्या मनाची,
अकरा रात्री पोटात घालते
आणि ढेकरही देत नाही.
मी काही बोलले नाही. नियमच तसा आहे.

मग नकाशा उलगडला.
प्लांटभोवती तुटक रेघ:
रेघेच्या आतलं मोजायचं, बाहेरचं नाही.
आत पाणी शुद्ध करणारं यंत्र, आत पाणी फोडणारं यंत्र, आत वायू वाळवणारं,
आणि तीन फूट बाहेर,
धडधडत,
कॉम्प्रेसर.
त्याचं मीटर जुन्या लाईनवर आहे, म्हणाले,
जुन्या शेडच्या नावावर.

मोतीराम चिंधीला हात पुसत होता.
माझ्याकडे न बघता म्हणाला,
रात्रपाळीला याचीच सोबत असते, मॅडम.
कधी बंद नसतो.

रेघ खोडली. तीन फूट पुढे ओढली.
दोन पूर्णांक सतरा.

सतरा शतांश, मॅडम! ओंजळभर हवा!
पलीकडे बॉयलरवाले दगडी कोळसा फुंकतात,
त्यांच्याकडे कोण येतं रेघा ओढायला?
कोणी नाही. हे त्यांचं खरंच होतं.
मी ते लिहिलंही असतं,
फॉर्मवर त्यासाठी रकाना नव्हता.

रात्रीचा कॉम्प्रेसर दिवसा चालवा, म्हटलं.
टाकी मोठी घ्या. पुढच्या वर्षी येईन.
मोठ्या टाकीची किंमत त्यांनी सांगितली.
चहा तसाच गार झाला.

उद्या निफाडकडे जायचंय,
मळीपासून केलेलं इंधन आहे म्हणे,
फाटकावर हिरवं पान रंगवलेलं.
पान सुंदर असेल.
मी विचारेन, भट्टीखाली काय जाळता,
आणि किती.

घरी आले तेव्हा अण्णा गॅलरीत होते.
एकलहऱ्याच्या बाजूला आभाळ राखेच्या रंगाचं,
किंवा नुसतीच संध्याकाळ.
टेबलावर माझा अहवाल, न दिलेलं प्रमाणपत्र.
त्यांनी कोरा नमुना उचलला,
ट्यूबलाइटसमोर धरला,
डोळे बारीक करून बराच वेळ बघत राहिले.

काय बघताय, अण्णा?

काही नाही, म्हणाले. सवय.
आणि कागद उलटा करून
पाठही बघितली.