कडता

धाकटे अप्पा कंपन्या विकत घेतात म्हणे,
सबंध नाही, चिमूटभर.
पाच टक्के, सात टक्के,
भाजीत मीठ घालावं तसं.
सतरा घेतल्या. बारा बसल्या.
एक होती शेळीच्या कानात बिल्ला अडकवून
तिचा ताप मोबाइलवर दाखवणारी.
शेळ्या राहिल्या, कंपनी गेली.
एकीनं मात्र बाराही भरून काढल्या.
ती नेमकं काय विकते
मला अजून उमगलेलं नाही, पण आकडा जुळतो.

मी लातूरच्या हुरदळे डाळ मिलचा हिशेबनीस.
एकेचाळीस वर्षं तुरीच्या फोलाची धूळ
चष्म्यावर बसते, मी पुसतो.

दान मला लिहिता येतं.
डायलिसिसची दोन यंत्रं,
मुलींच्या वसतिगृहाचा बोअर,
कोनशिलेवर थोरल्या अप्पांचं नाव, कल्लाप्पा.
कोरणाऱ्यानं एक ल खाल्ला होता,
दुरुस्तीचा खर्च वेगळा दाखवलाय.

पण गवत कधी लिहिलं नव्हतं.
औशाच्या अलीकडे, गायरानाला लागून
बावन्न एकर मुरमाड माळ,
सीलिंगच्या दोन एकर आधीच थांबलेला.
पेरायचं नाही, म्हणाले.
झाडंही लावायची नाहीत.
मग करायचं काय?
"राहू द्यायचा."
हे खातं कुठं उघडायचं, सांगा.

पहिल्या वर्षी कुंपण. अकरा लाख चाळीस हजार.
दुसऱ्या वर्षी पवन्या कंबरेला लागला,
अप्पांनी त्यात उभं राहून फोटो काढला.
तिसऱ्या वर्षी तेच गवत वाळून आडवं पडलं,
खालून नवं फुटेना,
आणि लांडग्यांची जोडी दिसायची ती दिसेनाशी झाली.
बंगळूरहून पोरं आली, गळ्यात दुर्बिणी,
चौऱ्याऐंशी पानांचा अहवाल देऊन गेली.
बिरमल सलगरनं तारेपलीकडून तोंडी दिला:
"मेंढरं न्हाईत, तर लांडगा काय
तुमची तार खाईल का?"

मार्चात मी लिहिलं,
कुंपण काढणे, मजुरी, एक लाख दहा.
तार भंगारात, वजनावर.
भंगारवाल्यानं क्विंटलमागे दोन किलो कापले.
अप्पा भडकले, "हे कसले दोन किलो?"

मी काट्याकडे पाहत राहिलो.
याच काट्याशी थोरले अप्पा बसायचे
आणि क्विंटलमागे दोन किलो कडता,
बारदानाचा, मातीचा,
ओल नसली तरी ओलीचा.
त्यातून दुसरी मिल, त्यातून पुण्याचं शिक्षण,
त्यातून चिमूटभर मीठ,
त्यातून माळ.
ती वही माझ्या कपाटात आहे,
आधीच्या दिवाणजींच्या वळणदार अक्षरात.
कुणाची तूर किती, सगळी नावं आहेत.
एका पानावर सलगरही आहेत.
अप्पांनी मागितली तर देईन.
अजून मागितलेली नाही.

ऑडिटरनं विचारलं, माळाचं उत्पन्न?
म्हटलं, टिटवीची चार अंडी,
गट नंबरच्या दगडाला टेकून, उघड्यावर.
तो म्हणाला, व्हाउचर जोडा.

आदल्याच दिवशी बिरमलची मेंढरं
त्या दगडाला वळसा घालून गेली होती.
टिटवी ओरडत होती, बिरमल तिला शिव्या देत होता.
मी मोजली नाहीत.
दोनशेच्या वर असतील.