शहाण्णव दात

लक्ष्मीपुरीत नळी मोजणारा पोरगा म्हणाला,
"काकी, किती एकर?"
मी म्हटलं, "बत्तीस कुंड्या, रंगाचे दोन डबे,
आणि एक फुटका टब, त्यात गवती चहा."
त्यानं हसू गिळलं,
हातावर वेटोळं करून दिलं सोळा एमेमचं.

टायमर मिळाला उद्यमनगरात.
पांढरा, वाटीएवढा, कडेनं शहाण्णव दात.
एक दात दाबला की पंधरा मिनिटं वीज.
"शहाण्णव हाईत म्हणून कुळी विचारू नका,"
दिलावर शिकलगार म्हणाला, "चीनचा हाय."
आमच्या गल्लीतले कूलर तोच दुरुस्त करतो.
एका मेलेल्या कूलरचा जिवंत पंप त्यानंच दिला,
मुठीत मावणारा, गुरगुरणारा.
पैसे घेतले नाहीत. कढीपत्ता घेतला.

रविवारभर गच्चीवर गुडघे टेकून बसले.
एप्रिलच्या उन्हात नळी मऊ पडते ते बरं,
नाहीतर टोकं गरम पाण्यात बुडवावी लागतात.
भोक पाड, बारकी नळी खुपस,
शर्टाच्या बटणाएवढा ड्रिपर, पुढची कुंडी.
जास्वंदीला दोन, मोगऱ्याला एक.
कोरफडीला नाही.
ती विचारलं की नकोच म्हणते.

पहाटे सहाचा एक दात दाबला
आणि झोपले.

नऊला जिन्यातून हेरवाडे वहिनी:
"अहो, राधानगरीचा दरवाजा उघडलाय का वर?
माझे सांडगे पोहायलेत!"

पंप बंद होता. टायमरही कधीच पुढं सरकलेला.
पाणी मात्र चालूच,
निळ्या बॅरलमधून वर चढायचं, काठ ओलांडायचं,
उतरायचं खाली बत्तीस वाटांनी,
मागं ढकलणारं कुणी नसताना.
बॅरल निम्म्याच्या खाली.
मोगऱ्याच्या कुंडीत तळं.

दिलावर आला, बघितलं, चहा मागितला.
"सायफन. एकदा चालाय लागलं
की त्याला पंप लागत न्हाई, काकी. सवय लागती."
दाभण गॅसवर लाल केलं,
नळी जिथं सगळ्यात उंच होती
तिथं टेकवलं. चर्र.
मोहरीएवढं भोक.
"हितनं हवा जाईल आत. हवा मिळाली की थांबतंय बगा."

दुसऱ्या दिवशी मी सहाला हजर, स्टूल घेऊन.
पंप गुरगुरला. भोकातून एक बारीक धार,
केसाएवढी, उन्हाच्या आधीच्या उजेडात.
सव्वासहाला टक्.
मग एक उसासा, भोकातून आत,
डोक्यावरची पाटी उतरवल्यासारखा.
आणि थेंब थांबले, एकेक कुंडी करत.

निपाणी इथून तासाभराची वाट.
ताराक्काला मी अकरा वर्षं सांगतेय,
"झाडं आहेत गं, पाणी कोण घालणार?"
पहिल्या वर्षी ती म्हणायची,
"तुझी झाडं काय बाळंतीण हाईत?"
मग म्हणायची बंद झाली.
आईच्या पाटल्यांवरून जे झालं ते झालं,
पण पहिल्या उन्हाळ्यात ते कारण खरंच होतं,
रोपं नवीन होती, मुळं कोवळी.
नंतरची दहा वर्षं
आपसूक.

बॅरलला आता जुन्या फ्लशचा फ्लोट लावलाय,
नळाला पाणी आलं की आपलं आपण भरतं.
फोन लावला. तिचा गुडघा बदलायचाय, सोमवारी.
"किती दिवस ऱ्हाशील?" तिनं विचारलं.
मी सवयीनं तोंड उघडलं,
आणि तोंडात काहीच नव्हतं,
नुसती हवा.

निपाणीत पहिल्या पहाटे सहाला जाग आली.
हात अंथरुणाबाहेर गेला, झारी चाचपत.
अंधारात ताराक्का म्हणाली,
"पड गं. तुझं यंत्र उठलं असंल."
मी पडून राहिले.
मनातल्या मनात मोजली,
पंधरा मिनिटं.