सोळा अंश

तालमीतच बाईंनी गाणं थांबवलं.
छताकडे बोट: ते. ते बंद करा.
ते म्हणजे मी.
म्हणजे माझा चिलर नंबर दोन,
गेली सहा वर्षं मस्कतच्या या हॉटेलात
एकाच सुरात घुमणारा,
आणि तो सूर म्हणे त्यांच्या षड्जाला चावतो.
(षड्ज हा शब्द माझा. त्या काहीतरी इटालियन बोलल्या,
खमीसनं त्याचं इंग्रजी केलं, पुढचं मी.)

बाहेर रात्री आठला अडतीस.
आत सोळा ठेवायचं, तसं पत्रकच निघालेलं.
पाहुण्यांना लोकरीच्या शाली मिळणार होत्या,
त्या पांघराव्याशा वाटायला हव्यात.
फळ्यांचं गवळ्याचं घर, गाईच्या गळ्यातल्या घंटा,
कापसाचा बर्फ, साबणाच्या फेसाचा बर्फ,
बटाट्याच्या चुऱ्याचा बर्फ, तो उडतो म्हणून डावा झोत मंद.
मधोमध खऱ्या बर्फाचा सुळका, पुरुषभर उंच,
बिजॉयनं दोन रात्री जागून तासलेला.
खिडक्यांचे पडदे मात्र ओढलेले.
पडद्यांमागे डोंगर होते ना, खरेच,
करपल्या भाकरीच्या रंगाचे, गवताची काडी नसलेले.
ते कार्यक्रमात बसत नव्हते.

ठरलं असं: शेवटचं गाणं, चार मिनिटं,
सगळं बंद.
चार मिनिटांत काय होतं ते मलाच ठाऊक.
दोनशे वीस माणसं म्हणजे दोनशे वीस शंभराचे बल्ब,
शिवाय टेबलागणिक चीज उकळणारी एकेक शेगडी.

वॉकीटॉकीवर खमीस म्हणाला, यल्ला.
मी खटका ओढला.

आधी कानांना पटेना.
मग माझाच श्वास ऐकू आला,
पाइपात मागे परतणारं पाणी,
आणि मग डक्टमधून ती.

ज्या वाटेनं मी रोज थंडी पाठवतो
त्याच वाटेनं उलटी.
कुणी मेलं होतं, की कुणी परत येणार होतं,
खमीसला विचारायचं राहिलंच.
एका वरच्या सुराशी ती पोचली, तिथं संपायला हवं होतं.
विहिरीत सोडलेला दोर संपतो
आणि तरी बादली खाली जातच राहते,
तसं झालं. पाण्याचा आवाज येईना.
मी काट्याकडे बघत होतो. सतरा. अठरा.
साडेअठराला सुळक्याचं टोक गळायला लागलं असणार,
त्या टेबलावर हिऱ्यांची कुणी बाई
मान वळवून बघत असणार.
तोरसकर. तोरसकर!

अकरा सेकंद मी खटक्यावर नुसता हात ठेवून होतो.
नोंदवहीत लिहिलं: कंप्रेसरनं उशिरा पकड घेतली.

साडेबाराला रोवेना मागच्या जिन्यानं आली,
कागदी नॅपकिनात चीजच्या भांड्याचा तळ,
तपकिरी, कडक, कडेला जळका.
म्हणाली, आल्प्सच्या शेफनंच दिलाय,
त्यांच्याकडे यासाठी भांडणं होतात म्हणे.
खरवड, मी म्हटलं.
ख-र-वड, ती म्हणाली, भरल्या तोंडानं, दोनदा,
आणि तिच्या घरी भाताच्या तळाला काय म्हणतात
ते सांगितलं. मी विसरलो.

माल उतरवायच्या दारापाशी बाई उभ्या होत्या,
मेकअप निम्मा पुसलेला, हातात कागदी कपात करक चहा.
मी सलाम केला नाही.
त्यांना मी एक घरघर म्हणून माहीत,
ती तर आता परत सुरू झाली होती.
त्यांनी वर बघून कपाळाला आठी घातली.

सुळका चौघांनी उचलून बाहेर आणला.
कुठं टाकू, बिजॉयनं विचारलं.
टाक तिथंच, कुंपणाकडेला.
माझ्या चष्म्यावर वाफ धरली होती,
पुसून घातला तेव्हा
हॉटेलची तीन मांजरं
त्याच्या उत्तर उतारावर चढून
शांतपणे चाटत होती.