एकाच शाईचे आकडे

लिअँडर पाइक वही ठेवतो काउंटरवर,
मास्तरांपुढे ठेवावी तशी.
सहा पॉइंट एक. सहा पॉइंट दोन. सहा पॉइंट एक.
सहा आठवडे, रोज सकाळ, रोज रात्र,
सगळं एकाच निळ्या शाईत,
एकाच बैठकीत.
शेवटच्या पानावरची अजून ओली आहे,
त्याच्या करंगळीच्या कडेलाही लागली आहे.

बाहेर फॉर्च्यून बेवर धुकं.
डॉक्टर महिन्यातून एकदा येते, रस्ता उघडा असला तर.
मी रोज असते.
खोकल्याची बाटली, कुत्र्याचं जंतांचं औषध,
वाढदिवसाची कार्डं,
आणि मी.

प्रयोगशाळेचा कागद माझ्या खणात आहे:
तीन महिन्यांची सरासरी, नऊ पॉइंट चार.
रक्ताला खोटं बोलता येत नाही.
लिअँडरलाही धड येत नाही.

अशा माणसांसाठी आमच्याकडे शब्द आहेत
पांढऱ्या कोटाच्या खिशातले.
'सहकार्य नाही.'
मी लिहिलाय तो, फायलींवर, कितीदा तरी.

आज वही बाजूला सारते. म्हणते,
दाखवा बरं, कसं करता ते.

मागच्या खोलीत, खोक्यांच्या मधे, दोन खुर्च्या.
यंत्राच्या काचेवरचं प्लास्टिक त्यानं काढलेलंच नाही.
सुई टोचतो. काही नाही.
पुन्हा. काही नाही.
चाळीस वर्षं खाऱ्या पाण्यातून दोर ओढलेली बोटं,
टोकं शिंगासारखी.
"निघतच नाही, पोरी,"
तो भिंतीवरच्या कॅलेंडरशी बोलतो,
"कॉड संपले त्या साली रक्तही गेलं असेल."

मग हळूहळू कळतं:
पहिल्या दिवशी सात वेळा टोचलं, सात पट्ट्या वाया.
एका पट्टीला एक डॉलर.
फिलोमिना मोजत होती, बोलत नव्हती.
"तुला वाईट वाटू नये म्हणून
चांगले आकडे लिहिले."

पातेल्यात कोमट पाणी.
हात बुडवा. आता खाली सोडा, लोंबू द्या.
टोकाला नाही, बोटाच्या कुशीला टोचायचं.
सुईची चकती दोनवरून पाचवर.
एकदाच.
आणि उगवतो: गुंजेएवढा, लालभडक.
यंत्र पाच सेकंद मोजतं.
आम्ही दोघं श्वास धरून,
जसं काही त्यातून कुणी बाहेर येणार आहे.

चौदा पॉइंट तीन.

बोटीत पाणी दिसावं तसा बघतो तो.
मी म्हणते, हे परीक्षेचे गुण नाहीत, ही खोली आहे.
तुम्ही शिसं सोडून मोजायचात ना?
खडक लागला तर शिशाला शिव्या द्यायचात?
"द्यायचो,"
लिअँडर म्हणतो.
थोड्या वेळानं: "मग बोट वळवायचो."

चहात काकवी किती?
रक्ताच्या वेळी झाला नव्हता इतका गप्प होतो.
"ते वहीत विचारलं नव्हतं."
चार चमचे.
मी म्हणते एक. तो म्हणतो तीन.
मासळीच्या धक्क्यावर चालावा तसा सौदा चालतो.
दोनवर तुटतो, रविवार सोडून.

पंधरा दिवसांनी वही येते.
पेन्सिल, लाल शाई, एका पानावर
फिलोमिनाची भुवयांची पेन्सिल.
अकरा पॉइंट आठ. तेरा. नऊ. कोरी जागा.
'विसरलो.'
माशाच्या तेलाचा डाग.
'नातीचं लग्न. विचारू नकोस.'
इतकी गचाळ वही मी
कधी इतक्या सावकाश वाचली नव्हती.

दुकान बंद करताना जुन्या फायली काढते.
'सहकार्य नाही.' सतरा.
हस्ताक्षर माझंच, सगळीकडे एकाच शाईत.

पहिला नंबर लावते.
बराच वेळ वाजतो,
कुणी उचलत नाही.