काळी लोकर, चार लडी

दौलतगंजातल्या दुकानदाराने विचारलं, नातवासाठी?
म्हटलं, काळी द्या. चार लडी.
एक पांढरी, आणि थोडी राणी.
त्याने काळ्या लोकरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे,
आणि पैसे दोनदा मोजून घेतले.

काळी का, ते त्याला कुठून कळणार.
आमच्यात पहिल्या संक्रांतीला
नव्या नवरीला काळं नेसवतात,
हलव्याचे दागिने घालतात,
मुंग्या लागेपर्यंत फोटो काढतात.
माझी पहिली संक्रांत बावन्नाव्या वर्षी आली.
सासरी हलवा करायला आता कुणी उरलेलं नाही,
आणि मला मेली हौस, तीही उलटी:
म्हटलं, ह्यांनाच नटवू.

दुपारी दीड ते दोन
कचेरीच्या मागच्या हिरवळीवर
उन्हाला पाठ देऊन आम्ही सगळ्या विणतो.
भदौरिया फंदे म्हणते, मी टाके म्हणते.
तिच्या शब्दात गळफास आहे, माझ्या शब्दात जखम.
सुया दोघींच्याही दहा नंबरच्या.

चौकटींच्या कागदावर नक्षी मांडली.
एक चौकट, एक टाका.
खाली हलव्याचे दाणे, दर चौथा टाका पांढरा,
छातीवर दोन पतंग, राणी रंगाचे,
मांजा मात्र एकच.
झालेल्या ओळीपुढे लाल पेनने बरोबरची खूण,
ऑडिटची सवय.

दोन रंगांचं विणकाम असं असतं:
जो रंग पुढे दिसतो तो कामावर,
दुसरा मागून मोकळा चालत राहतो
पाळी येईपर्यंत.
त्याला ओढून धरलं तर पुढचं सगळं आक्रसतं.
फार सैल सोडलं तर घालताना बोट अडकतं.
हे मला लोकरीचं माहीत होतं.
बाकीचं मार्गशीर्षापासून शिकते आहे.
चहा होईपर्यंत हे सकाळी बोलत नाहीत.
पहिल्या बायकोची तारीख आली
तेव्हा गॅलरीत जाऊन उभे राहिले,
आणि मी आत कणीक मळत बसले,
दोन माणसांच्या पोळ्यांना लागते त्याहून
बराच जास्त वेळ.

डाव्या पतंगाशी चुकले.
एक ओळ मोजायची राहिली, शेपटी आखूड झाली.
उसवायला घेणार, तर भदौरिया म्हणाली,
रहने दो, आदमी को क्या पता चलेगा.
राहू दिली.

भोगीच्या रात्री, एक वाजता,
गळ्याची पट्टी पुरी केली
आणि खुर्चीच्या पाठीवर टाकून झोपले.

सकाळी लष्करात एवढं धुकं
की दूधवाला खोकल्यावरून ओळखायचा.
हे अंधारातच उठले,
हाताला लागलं ते डोक्यातून घातलं
आणि पातेलं घेऊन खाली गेले.

परत आले तेव्हा मी पाहिलं.
उलटं.
मागचे सगळे धागे पुढे, काळ्यावर पांढरे, आडवे,
गाठी लोंबताहेत,
पतंगांच्या जागी राणी रंगाचा नुसता गुंता.
मान वाकवून स्वतःकडे बघत म्हणाले,
धुकं विणलंस होय? हुबेहूब आहे गं.
आणि हा इथे कोण, सूर्य?

जिभेवर आलं होतं माझ्या
पतंग, मांजा, दाणे, महिनाभराची मोजणी.
पातेलं हिंदकळून
त्यांच्या बोटांवर थोडं दूध आलं होतं.
म्हटलं, हो.
वर यायला वेळ आहे त्याला अजून.

मग गजकाचा तुकडा मोडून हातावर ठेवला,
तिळगुळाचं काम ह्या गावात गजकच करते.
गोड बोला म्हणायचं राहून गेलं.
चहा अजून व्हायचा होता
आणि हे बोलत होते.