गुडघ्यापुरतं ऐकणं

हेमांगी, फिजिओवाली म्हणाली ना
पहिला आठवडा फक्त सात मिनिटं,
तर सात मिनिटांच्या बातम्या लाव.
लिफ्टपासून वॉचमनच्या खुर्चीपर्यंत
नव्या गुडघ्याला तेवढीच लागतात.
बातम्या संपल्या की परत फिर.
पुढचं आपोआप सुरू झालं तरी ऐकायचं नाही.
तुझा स्वभाव मला माहीत आहे.

मोबाईल आण, मीच घालून देते सगळं.
सरकारी रेडिओच्या जुन्या फिती आता त्यात मिळतात.
मध्येच कुणी ओरडून गृहकर्ज घ्या म्हणत नाही.
निवेदिका श्वास घेते, तोसुद्धा ऐकू येतो.
आपण टपाल खात्यातल्या, आपल्याला कळतं :
संथ म्हणजे आळशी नव्हे.

दुसऱ्या आठवड्यात सेक्टर पन्नासच्या मेडिकलपर्यंत.
त्या अंतराला कल्हईवाल्या दोन भावांची मुलाखत.
एक बोलतो, दुसरा नुसता ‘हं’ म्हणतो.
त्याचे ‘हं’ मोज.
नवव्यात भांडण आहे.

आरोग्यावरचं काही लावू नकोस,
डॉक्टर मंडळी फार गोड बोलतात
आणि चालता चालता नाही ते दुखू लागतं.
नभोनाट्यही नको. त्यात दार वाजलं
की तू मागे वळून बघशील,
मग मानेचं वेगळं प्रकरण.

बसने बेलापूरला गेलीस पेन्शनच्या कामाला
तर मच्छीमारांसाठीचा हवामानाचा अंदाज.
आपल्याला होडी नाही, जाळं नाही,
तरी ती बाई सावकाश सांगते,
समुद्र खवळलेला राहील, वारा ताशी पंचेचाळीस,
आणि आपली बस
किल्ले गावठाणच्या सिग्नलला उभी.
मला तेव्हा फार सुरक्षित वाटतं.
का, ते विचारू नकोस.

काठी सुटली की तलावापर्यंत जाशील.
हा भाग तोवर शिल्लक ठेव. चौतीस मिनिटांचा.
करावेकडचे कुणी धर्माजी तांडेल,
खाजणातल्या भाताबद्दल बोलतात,
बांध, चिखल, निवट्या.
एकविसाव्या मिनिटाला अडतात :
‘भरतीला बंद, वहटीला उघडाचा,
तो लाकडाचा दरवाजा, त्याला काय बोलतान...’

आणि गप्प.

मुलाखत घेणारा सुचवत नाही, खाकरत नाही.
नंतर कुणी कापलंही नाही.
अकरा सेकंद. मी तीनदा मोजलेत.
मागे पंखा, आणि बहुतेक कोंबडी.

मी होते पाम बीचच्या कडेला,
फ्लेमिंगोंच्या पाटीपाशी. पक्षी एकही नव्हता.
मोठ्याने म्हणाले, उघाडी!
माझ्या आजोळचा शब्द, पेणकडचा,
चाळीस वर्षं तोंडात आला नव्हता.
कुत्र्याला फिरवणारा एक मुलगा थांबून म्हणाला, सॉरी?
कानात म्हातारा म्हणाला, जाव दे, आठवंल,
आणि पोरीच्या लग्नाकडे वळला.

शेवटपर्यंत आठवलं नाही त्यांना.
मी उभी होते संपेपर्यंत, उन्हात,
डोक्यावर पदर घेऊन.

परवा मलाच चाळणीला काय म्हणतात ते आठवेना.
दुसऱ्या सेकंदाला सून म्हणाली,
गाळणी? झारा? सूप?
चांगली आहे पोरगी. मदतच करत होती.
तिलाही पाठवलाय हा भाग.
ऐकते म्हणाली, दीडपट वेगाने.

तू तिथे पोचलीस की थांब.
शब्द मी सांगून ठेवलाय,
तरी ते अडतील तेव्हा लगेच बोलू नकोस.
अकरा सेकंद जाऊ देत.
मग म्हण, मोठ्याने,
माझं एकटीचं म्हणणं पोचलं नसणार.

आणि इअरफोन एकाच कानात घाल.
दुसरा रिक्षांसाठी.