सामाईक

घणसोलीत, गावदेवीच्या मागच्या गल्लीत
तिसऱ्या मजल्यावर माझी शिकवणी.
आठ बाक, एक फळा
आणि एक पंखा, जो फक्त माझ्याच डोक्यावर फिरतो.

नववीचा पहिला धडा, संच.
वर्गात चाळीस मुलं. बावीस क्रिकेट खेळतात,
एकोणीस कबड्डी, सहा जण दोन्ही.
काहीच न खेळणारी किती?
पाच, पाच, पाच, ओरडतात सगळे.
उत्कर्षा शेडगे तेवढी पेन्सिल चावत विचारते,
"मॅडम, पण त्या पाचांना काढायचं कुठं?"

वर्तुळांच्या बाहेर, पण चौकटीच्या आत.
चौकट म्हणजे विश्वसंच.
"म्हणजे ती मोजलेली असतात?"
असतात गं. लिही पुढचं.

छेद म्हणजे कापणं नव्हे, हे मी दरवर्षी सांगते,
छेद म्हणजे जे दोघांचंही आहे ते. सामाईक.
सातबाऱ्यावरही हाच शब्द असतो,
तिथे त्याचा अर्थ, कोर्टाची तारीख.

रविवारी भाऊ आला फाईल घेऊन,
मागोमाग चुलतभाऊ, त्याचीही फाईल.
आजोबांच्या खाजणाच्या बदल्यात मिळालेला
साडेबारा टक्क्यांचा प्लॉट,
आणि त्यावर सतरा नावं.
आवाज असे चढले
की खालच्या झेरॉक्सवाल्यानं मशीन बंद केलं, ऐकायला.
मी म्हटलं, थांबा. काढून बघू.

नोटिशीची पाठ कोरी होती.
आईच्या हातातली बांगडी मागितली,
निघेना, साबण लावावा लागला.
बांगडीचं वर्तुळ: आजोबांची थोरली बायको, तिची मुलं.
बशी उपडी घालून दुसरं: धाकटीची.
मग तांब्याचं बूड ठेवून तिसरं, बिल्डर.
पेन त्या दोन घरांवरून फिरत गेलं
आणि तिघांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत अडलं.
"इथे कोण?" मी विचारलं.
कोणी बोलेना.
भावानं फाईल मिटली. चुलतभावानं मोबाईल उलटा ठेवला.
टोकन दोघांनीही घेतलं होतं,
एकाच माणसाकडून, एकाच आठवड्यात.

झेरॉक्स मशीन पुन्हा सुरू झालं.

आई तेव्हा म्हणाली, "न बायजा?"

बायजाआत्या थोरलीची मुलगी,
म्हणजे बांगडीच्या आत.
मी नाव लिहायला वाकले
तर भाऊ म्हणाला, बाहेर. तिनं हक्क सोडलाय.
बाहेर, चुलतभाऊही म्हणाला.
सकाळपासून दोघांचं जुळलेलं
हे एवढंच.

"भरतीचे रातचे उघारीला फली लावाला
कोन उतरायचं चिखलान?" आईनं विचारलं.
तिचं तोंड खिडकीकडे होतं.
बाहेर टॉवर, टॉवरच्या मागे टॉवर,
त्यांच्या मागे कुठेतरी खाडी.

फाईलीत हक्कसोडपत्राची प्रत होती.
खाली आत्याचा अंगठा,
वर्तुळात वर्तुळ, वर्तुळात वर्तुळ,
मध्यभागी शाईचा गोळा,
जणू कुणी हात धरून जरा जास्तच दाबलं.
इतकी वर्ष फळ्यावर वर्तुळं काढली,
असं वर्तुळ नाही पाहिलं.

मग मी पट्टी घेतली.
तोवर चौकट काढायची राहूनच गेली होती.
चार रेघा, सगळ्यांना बाहेरून वेढून.
ही खाजण, हा तिचा बांध.
कोपऱ्यात लिहिलं, बायजा.
"याचा काय उपयोग?" चुलतभाऊ म्हणाला.
मलाही नीट सांगता आलं नाही.

जाताना भावानं कागद पुढे केला,
तुझीही सही लागेल, नुसती फॉर्मॅलिटी.
मी म्हटलं, ठेवून जा.

आज सोमवार. फळा पुसलेला,
उत्कर्षानं पाचही ठिपके नावं देऊन काढलेत,
पैकी एक ठिपका ती स्वतः.
कागद डस्टरखाली.
बांगडी टेबलावरच आहे अजून.
आईला म्हटलं, घाल.
म्हणाली, रावंदे,
हात हलका वाटतंय.